गर्भ राहिला, पण कुठे?

पोटातलं दुखणं खांद्यात उमटतं, हे पटकन खरं वाटत नाही. उसाच्या फडातून किंवा कापूस वेचून संध्याकाळी घरी आलेली एखादी बाई म्हणते, खांद्याच्या टोकाला दुखतंय, आडवं पडलं की जास्तच ठणकतंय. घरचे म्हणतात, मोळ्या उचलून खांदा भरला असेल. सासू बाम चोळून देते, जाऊ फडकं गरम करून शेकते. त्या बाईच्या ओटीपोटात सकाळपासून एका बाजूला कळा येत असतात, पण ते तिने कुणाला सांगितलेलं नसतं. अंगावरून थोडं जातंय, तेव्हा पाळीचंच दुखणं असणार, असं तिने स्वतःच ठरवलेलं असतं. पाळी या वेळी दोन आठवडे उशिरा आली, एवढंच काय ते वेगळं.

ती पाळी नसते. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजलेला असतो, नळी फाटलेली असते आणि पोटात रक्त साचत असतं. ते रक्त वर सरकून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागतं. या पडद्याची नस मानेतून खाली येते, आणि खांद्याच्या टोकाची जाणीवही मानेच्या त्याच भागातून मेंदूकडे जाते. म्हणून मेंदूला खांदा दुखतोय असं वाटतं. खांद्याला काहीच झालेलं नसतं, आणि बाम चोळण्यात गेलेला तास परत मिळणारा नसतो.

वैद्यकीय मराठीत याला अस्थानिक गर्भधारणा म्हणतात, डॉक्टर ‘एक्टोपिक’ म्हणतात. मी इथे ‘नळीतला गर्भ’ हाच शब्द वापरणार आहे, कारण तो ऐकला की काय झालंय ते लगेच कळतं. शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन अशा निघतात. ज्या गावात वर्षाला शंभर बायकांना दिवस जातात, तिथे दरवर्षी एखादी बाई या संकटात सापडते, मग तिच्या दुखण्याला गावाने नाव कोणतंही दिलेलं असो. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईचा जीव घेणाऱ्या कारणांत हे सगळ्यात वरचं कारण आहे.

पाळी चुकली की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: दिवस गेलेत का? किटवर दोन रेघा उमटल्या की पुढचं सगळं त्या दोन रेघांवर ठरतं, पेढे वाटायचे की गोळ्या खायच्या तेही. किट फक्त गर्भ राहिलाय एवढंच सांगतं. तो पिशवीत आहे की नळीत, हे सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. पहिल्या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न, म्हणजे गर्भ कुठे आहे, हा नांदेड-लातूरच्या प्रत्येक घरात विचारला जावा, याच आग्रहासाठी हा लेख आहे.

गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन नळ्या असतात. प्रत्येक नळी साधारण तळहाताच्या लांबीची, दहा-बारा सेंटिमीटर. पिशवीच्या जवळ आतली वाट इतकी बारीक होते की त्यातून जेमतेम सुई जावी. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज यांची गाठ या नळीतच पडते आणि तयार झालेला गर्भ तीन-चार दिवसांत पिशवीकडे सरकतो. नळीच्या आतल्या अस्तरावर केसांहून बारीक तंतू असतात, ते त्याला हळूहळू पुढे ढकलतात. जुन्या जंतुसंसर्गाने हे तंतू झडले, नळी आतून चिकटली किंवा वाकडी झाली, तर गर्भ वाटेतच अडकतो आणि तिथेच रुजतो. पिशवीची भिंत जाड असते, नऊ महिने ताणली जाते. नळीला तेवढा ताण सोसत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात बहुतेकींना त्रास सुरू होतो. सहाव्या आठवड्यात गर्भ मसुराच्या दाण्याएवढा असतो, आठव्या आठवड्यात राजम्याच्या दाण्याएवढा. एवढासा जीव, पण ती नळी फाडायला तेवढा पुरतो, कारण तो आपल्या मुळ्या थेट रक्तवाहिन्यांत रोवतो.

अशा गर्भांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नळीत असतात. थोडे बीजकोशावर, गर्भपिशवीच्या तोंडाशी किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुजतात. सिझेरियन झालेल्या बाईने पुढच्या वेळी दिवस गेल्यावर लवकर सोनोग्राफी करून घ्यावी, त्याचं हेही एक कारण आहे.

आता लक्षणं. पाळी चुकलेली, ओटीपोटात दुखतंय आणि अंगावरून थोडं थोडं जातंय, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत नळीतला गर्भच धरून चालायचं. मात्र तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही. रक्त बहुधा पाळीसारखं लाल आणि भरपूर नसतं. काळपट, तपकिरी डाग पडत राहतात, एक दिवस थांबतात, पुन्हा पडतात. म्हणूनच पुष्कळ बायका ‘पाळी आली पण नीट गेली नाही’ असं सांगतात. हे वाक्य ऐकलं की आशाताईंनी आणि डॉक्टरांनी कान टवकारायला हवेत. दुखणं बहुधा एका बाजूला सुरू होतं, आधी चमक, मग सलग कळ. शौचाला बसल्यावर खाली दाब येतो, दुखतं. कुणाला पातळ जुलाब होतात, उलट्या होतात. मग मुरडा झाला, गॅस झाला, अपेंडिक्स असेल, काल पाहुण्यांकडे तिखट खाल्लं होतं, अशी निदानं घरच्या घरी होतात. पोट चोळणारी किंवा बेंबी सरकली म्हणून ती बसवून देणारी बाई बोलावतात. असं पोट चोळणं फार धोक्याचं आहे. फाटण्याच्या बेतात आलेल्या नळीवर तुम्ही बाहेरून दाब देत असता.

नळी फाटल्यावर एकदम तीव्र कळ येते. नंतर कधी कधी दुखणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात. तेव्हाच भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. बाहेर दिसणारं रक्त चार डागांएवढं असतं आणि पोटात लिटर-दीड लिटर साचलेलं असू शकतं. बाहेर किती गेलं यावरून धोका मोजायची आपली सवय इथे पुरती फसवते. तरुण शरीर बराच वेळ नाडी आणि रक्तदाब सांभाळून धरतं आणि मग अचानक कोसळतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन मुळात आठ-नऊ आहे, तिच्याकडे गमवायला रक्त आधीच थोडं असतं.

आता गोळ्यांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ‘महिना थांबलाय, काहीतरी द्या’ असं मेडिकलमध्ये म्हटलं की अनेक ठिकाणी चिठ्ठी न विचारता पाच गोळ्यांचं पाकीट मिळतं. एक गोळी मिफेप्रिस्टोनची, चार मिसोप्रोस्टॉलच्या. बहुतेकदा नवराच घेऊन येतो. या गोळ्या गर्भपिशवीवर काम करतात. नळीत रुजलेल्या गर्भाचं त्यांनी काही होत नाही, तो वाढतच राहतो. पण नळीत गर्भ असतानाही पिशवीचं अस्तर गर्भारपणासारखंच जाड झालेलं असतं आणि गोळ्यांनी ते अस्तर सुटतं. रक्त जातं, गाठी पडतात, कधी कधी पिशवीच्या आकाराचा मांसाचा तुकडाही पडतो. बाईला वाटतं, मोकळी झाले. चार-सहा दिवसांनी पोटात दुखायला लागलं की गोळ्यांचाच परिणाम म्हणून ती अंगावर काढते. किटवर पुन्हा तपासलं तर दोन रेघा येतात, पण गर्भपात नीट झाल्यावरही तीन-चार आठवडे रेघा येऊ शकतात हे तिने कुठून तरी ऐकलेलं असतं. तिला सावध करणारी एकेक खूण अशी गोळ्यांच्या खात्यात जमा होत जाते.

म्हणून गर्भ नको असेल तरीही आधी सोनोग्राफी. पिशवीत गर्भ दिसला, तो किती आठवड्यांचा आहे हे कळलं, मग नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीने गोळ्या घ्यायच्या. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात करायला नऊ आठवड्यांपर्यंतच मान्यता आहे. गोळ्या आधीच घेऊन झाल्या असतील तर त्या लपवू नका. दुखायला लागल्यावर डॉक्टरांसमोर सांगायचं पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे. काही पडलं असेल तर ते स्वच्छ डबीत घालून सोबत न्या. तो तुकडा गर्भ आहे की नुसतं अस्तर, हे तपासून सांगता येतं.

सोनोग्राफीला बंदी आहे, पोलीस केस होते, असा समज खेड्यात अजून आहे. बंदी गर्भलिंग तपासण्याला आहे. १९९४ च्या कायद्यामुळे केंद्रावर ओळखपत्र मागतात, अर्ज भरून घेतात. तो प्रत्येक गरोदर बाईकडून भरून घेतला जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गर्भपाताचा कायदाही १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ काढण्याची मुभा अविवाहित बाईलाही आहे आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे मुद्दाम सांगते, कारण लातूर शिकवणीचं शहर आहे. हजारो मुली वसतिगृहांत आणि खोल्या करून राहतात. पोटात कळ येऊन चक्कर येऊन पडलेल्या मुलीला रेक्टरबाईंनी, मैत्रिणींनी, घरच्यांनी फक्त एकच विचारायचं: शेवटची पाळी कधी आली होती? बाकीचे प्रश्न ती बरी झाल्यावर विचारता येतील. डॉक्टरांनीही लग्न झालेलं नाही म्हणून लघवीची तपासणी वगळू नये.

दुसरी फसगत ऑपरेशन झालेल्या बायकांची. महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे, आणि मराठवाड्यात ती पुष्कळदा तिशीच्या आत, दोन-तीन मुलांनंतर उरकली जाते. त्यानंतर पाळी चुकली तर कुणाच्या मनात गर्भाचा विचार येत नाही. ऑपरेशन झालंय ना, मग कसं राहील? क्वचित राहतो. नळीची बंद केलेली टोकं पुन्हा जुळतात किंवा त्यांच्यात बारीक वाट तयार होते. त्या वाटेने पुरुषबीज जाऊ शकतं, पण त्याच्या कितीतरी पट मोठा असलेला गर्भ परत येताना अडकतो. अमेरिकेत १९७८ पासून दहा हजारांहून अधिक अशा बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यापैकी १४३ जणींना पुन्हा दिवस गेले आणि त्यांतल्या ४७ जणींचा गर्भ पिशवीबाहेर होता. म्हणजे तिघींतल्या जवळपास एकीचा. शस्त्रक्रियेला बरीच वर्षं झाली म्हणून धोका संपला, असंही त्या पाहणीत दिसलं नाही. ऑपरेशन टाक्याचं असो की बिनटाक्याचं, पाळी आठवडाभर लांबली तर किट वापरा, आणि दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. सरकारी शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली तर भरपाईची योजना आहे आणि तिचा अर्ज कळल्यापासून ९० दिवसांच्या आत करावा लागतो.

आणखी कुणी सावध राहायचं? जिला आधी एकदा नळीत गर्भ राहिला होता ती सगळ्यात आधी. जिला ओटीपोटाचा जंतुसंसर्ग झाला होता, अंगावरून घाण वासाचं पांढरं जातं आणि तिने ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं, ती. जिला किंवा जिच्या घरात कुणाला क्षयरोग झाला होता ती, कारण क्षयाचे जंतू गर्भनळ्यांत शिरले की बाहेरून काही न कळता नळ्या खराब करतात. मूल होत नाही म्हणून उपचार घेणारी, टेस्ट ट्यूब करून घेतलेली. तंबाखू ओढणारी. तांबीमुळे गर्भ राहण्याची शक्यताच फार कमी होते, त्यामुळे तांबीला दोष देऊ नका. मात्र तांबी असताना दिवस गेलेच तर गर्भ नळीत तर नाही ना, हे ताबडतोब बघा. आणि हे सगळं वाचून ‘मला यातलं काही नाही’ म्हणणाऱ्या बाईलाही सांगते, नळीत गर्भ राहिलेल्या बायकांपैकी सुमारे निम्म्या बायकांना असं कोणतंही कारण नसतं.

सोनोग्राफीत लगेच सगळं कळतंच असंही नाही, आणि इथे आणखी एक घोटाळा होतो. पाळी चुकून चारच दिवस झाले असतील तर पिशवी रिकामी दिसू शकते, नळीतही काही दिसत नाही. डॉक्टर सांगतात, आता काही दिसत नाही, दोन दिवसांनी रक्त तपासून परत या. बाहेर आल्यावर घरच्यांना कळतं ते एवढंच की काही निघालं नाही. त्या दोन दिवसांचा अर्थ समजून घ्या. गर्भामुळे रक्तात बीटा एचसीजी नावाचा घटक वाढतो. पिशवीत नीट रुजलेल्या गर्भात सुरुवातीला तो दोन दिवसांत निदान दीडपट तरी होतो, अनेकदा दुप्पट. त्याहून हळू वाढला, तिथल्या तिथे राहिला, तर गर्भ चुकीच्या जागी आहे किंवा टिकणारा नाही अशी शंका पक्की होते. म्हणून ती तपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात, आणि दोन्ही वेळा त्याच लॅबमध्ये केलेली बरी. हे दोन दिवस शेतात जाऊ नका, लांबच्या लग्नाला जाऊ नका, एकटं राहू नका. ‘टेस्ट पॉझिटिव्ह आणि पिशवी रिकामी’ हा निकाल हातात असलेली बाई धोक्यातून बाहेर आलेली नसते, हे तिच्या नवऱ्याला आणि सासूला डॉक्टरांकडूनच नीट ऐकवा.

मुखेड, कंधार, जळकोट भागातून दिवाळीनंतर जोड्या ऊसतोडीला जातात. तिथे बाई एक दिवस बसली की खाडा पडतो, उचल फिटायची असते, मुकादमाचा तगादा असतो. गाव सोडण्याआधी पाळी चुकलेली असेल तर तपासून मगच निघा. फडावर दुखायला लागलं तर त्या गावच्या आशाताईला शोधा. आशांकडे गर्भाची तपासणी करायचं ‘निश्चय’ किट असतं आणि तुम्ही परजिल्ह्यातल्या आहात म्हणून त्या ते नाकारू शकत नाहीत. मुकादमांना माझं एवढंच सांगणं आहे की पाळी चुकलेली बाई पोट धरून बसली असेल तर ट्रॅक्टर रिकामा करून तिला न्या.

अंतर हा आपला खरा शत्रू आहे. किनवट ते नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर, माहूरही लांबच. अशा वेळी कुठे जायचं हे आधीच ठरलेलं हवं. तीन गोष्टी एका छताखाली आहेत का, हे बघायचं: पोटाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तिन्ही नसतात. तिथे सलाईन लावून घ्या, रक्तगट आणि रक्तदाब लिहून घ्या, पण तिथे रात्र काढू नका. गोकुंदा, मुखेड, देगलूर, निलंगा, उदगीर इथल्या सरकारी रुग्णालयांत निघण्याआधी फोन करून भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का ते विचारा. पुढे नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. किनवटच्या बाईला आदिलाबाद आणि उदगीरच्या बाईला बिदर लवकर गाठता येत असेल तर राज्याची हद्द बघू नका.

१०८ ला फोन करताना ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगू नका. ‘पाळी चुकलेली आहे, पोटात जोरात दुखतंय, चक्कर येऊन पडली’ असं सांगा, या शब्दांनी प्रकार किती गंभीर आहे ते पलीकडच्याला कळतं. गाडी येईपर्यंत तिला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा, अंगावर पांघरूण घाला. चहा, पाणी, लिंबू सरबत काही देऊ नका. तास-दोन तासांत भूल द्यावी लागणार असते आणि पोट रिकामं असलेलं बरं. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. रक्त द्यायला तयार असलेली दोन-तीन धडधाकट माणसं सोबत घ्या. आधार, रेशन कार्ड, जुने कागद एका पिशवीत टाका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. खासगी रुग्णालयात न्यावं लागलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. पैशांची जुळवाजुळव झाल्यावर निघू, असं मात्र म्हणू नका.

उपचार गर्भ किती वाढलाय आणि नळी शाबूत आहे का यावर ठरतात. लवकर सापडला, नळी फाटलेली नाही, गर्भाचे ठोके नाहीत आणि बीटा एचसीजी फार वाढलेलं नाही, तर मेथोट्रेक्सेट नावाचं इंजेक्शन देता येतं. त्याने गर्भाची वाढ थांबते आणि शरीर तो शोषून घेतं. पण हे इंजेक्शन देऊन काम संपत नाही. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासावं लागतं, नंतर आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला. या काळातही नळी फाटू शकते. त्यामुळे तुम्ही माहूरच्या एखाद्या तांड्यावर राहत असाल आणि वारंवार येणं जमणार नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तुमच्यासाठी शस्त्रक्रियाच जास्त सुरक्षित असू शकते. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: आशाताई गरोदर बाईला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, त्या मेथोट्रेक्सेटच्या उलट काम करतात. इंजेक्शन घेतल्यावर त्या बंद ठेवायच्या. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत, आणि पुढचे तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

बाकीच्यांना शस्त्रक्रिया लागते, शक्य असेल तर दुर्बिणीतून, रक्तस्राव खूप असेल तर पोट उघडून. बहुतेकदा खराब झालेली नळी काढून टाकतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट नावाच्या सर्जनने १८८३ साली फाटलेली नळी काढून पहिल्यांदा एका बाईला वाचवलं. त्याआधी अशा बाईजवळ बसून वाट बघण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. आज वेळेत पोहोचलेली बाई वाचते. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा.

गर्भ नळीतून काढून पिशवीत ठेवता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. येत नाही, जगात कुठेही येत नाही. त्या गर्भाला जन्मापर्यंत पोहोचायची वाटच नव्हती. म्हणून तो काढला याचं पाप कुणाच्या माथी नाही, बाईच्या तर नाहीच. तिने जड उचललं म्हणून, ती गाडीवर बसली म्हणून किंवा तिने पपई खाल्ली म्हणून हे झालेलं नाही. तरीही तिचं मूल गेलेलं असतं, आणि घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. जीव वाचला ना, मग रडते कशाला, असं तिला म्हणू नका. महिनाभर कामातून सोडवा, रक्त वाढेल असं खाऊ घाला, तिच्याजवळ बसा. नवऱ्याने बसावं, हे जास्त महत्त्वाचं.

एक नळी गेली म्हणजे मूल होणार नाही, असं नाही. दुसरी नळी चांगली असेल तर निम्म्याहून अधिक बायकांना पुढे पिशवीत गर्भ राहतो आणि धडधाकट बाळ होतं. या एका कारणावरून दुसऱ्या लग्नाची भाषा काढणाऱ्या घराला हे ठणकावून सांगायला हवं. मात्र पुन्हा नळीत गर्भ राहण्याची शक्यता सुमारे दहांत एक असते. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकल्याबरोबर तपासायचं आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे याची खात्री करून घ्यायची.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, शेवटची पाळी कधी आली. घाबरलेली बाई आठवत बसते, नवऱ्याला माहीत नसतं, सासू म्हणते पंचमीच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब आपण रोज मांडतो. त्याच चौकोनात, पाळी आली त्या दिवशी, पेनाने एक गोल करा. तुमचा करा, सुनेचा करा, मुलीला करायला शिकवा. त्या गोलापासून पाच आठवडे उलटले आणि नवा गोल झाला नाही, तर किट आणा. दोन रेघा आल्या, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि गर्भ कुठे आहे ते विचारा.